तीन भावांचा एक मोडेम

यंत्राच्या खोलीतली बाई म्हाताऱ्या मालकांची होती, असं आमच्या गोदामात बोललं जायचं. ‘होती’ म्हणजे नेमकं काय, हे कोणी उलगडून सांगत नसे. पार्सलवाला सुतळी ओढता ओढता एक भुवई वर करायचा, गेटवरचा पहारेकरी खोकायचा, आणि ऐकणाऱ्याला कळायचं ते कळायचं. पुरावा मागितलाच तर पहारेकरी म्हणायचा, “तिघा भावांनी चमचेसुद्धा मोजून वाटून घेतले, मग हिचीच वाटणी का नाही झाली? आणि म्हाताऱ्यांची बायको, जी वर्षभर जिना उतरली नव्हती, ती हिची नोकरी वाचवायला खाली येते? कुठेतरी पाणी मुरतंय राव!” पहारेकऱ्याची एक बायको पळून गेली होती आणि दुसरी काही केल्या जात नव्हती, त्यामुळे असल्या विषयात त्याचा शब्द प्रमाण मानला जाई.

मी तेव्हा बाहेरगावच्या मालावर होतो. मीही ही गोष्ट चारचौघांत सांगितली आहे, तिखटमीठ लावून. खोटं कशाला बोलू?

तर बाईंचं मूळ नाव कोणी घेत नसे. सगळे त्यांना ‘नळबाई’ म्हणत. बारीक अंगकाठी, दोरीला अडकवलेला चष्मा, पायात लोकरी मोजे. आम्ही गोदामात घामानं न्हाऊन निघायचो आणि या बाराही महिने स्वेटर घालून बसायच्या, कारण यंत्राला गारवा लागायचा. माणसांना पंखा नाही आणि लोखंडाच्या कपाटाला थंड हवा, यावरून अर्धं गोदाम त्यांच्यावर जळायचं.

ते कपाट म्हणजे धंद्याचा मोठा संगणक. धंदा औषधांचा, घाऊक. म्हातारे मालक होते तोवर सगळं एक होतं. ते गेले आणि तेराव्या महिन्यात तिघा मुलांनी वाटणी केली. थोरल्यानं माणसांची औषधं घेतली, मधल्यानं रुग्णालयाचं सामान, धाकट्यानं जनावरांची औषधं. गोदामात दोन भिंती उभ्या राहिल्या, एका दाराची तीन दारं झाली. वाटणीपत्र एक्केचाळीस पानांचं. माळ्यावरच्या मोडक्या शिडीच्यासुद्धा पायऱ्या मोजून लिहिलेल्या.

गाडी अडली ती संगणकापाशी. कपाट करवतीनं कापता येत नाही हे पटायला भावांना दोन बैठका लागल्या. शेवटी यंत्राच्या कंपनीचा टायवाला माणूस आला आणि म्हणाला, “कापायची गरजच नाही. मी आतून भिंती घालतो.” आणि खरंच घातल्या! कपाट एकच, पण आत तीन वाटे. प्रत्येकाची स्मरणशक्ती वेगळी, जागा वेगळी, परवलीचा शब्द वेगळा. एकाला दुसऱ्याच्या वाट्यात डोकावता यायचं नाही. प्रत्येक वाट्याला वाटायचं, आख्खं कपाट आपलंच. इतकी समजूतदार वाटणी मी माणसांत पाहिलेली नाही.

फक्त एक वस्तू वाटणीपत्रात लिहायची राहून गेली. मोडेम! साबणाच्या दोन वड्यांएवढा डबा, पुढे पाच लाल दिवे, मागून टेलिफोनची वायर. तो कपाटाच्या मागे पडलेला असायचा, तेव्हा वकिलांच्या नजरेला आलाच नाही. आणि त्या डब्यावाचून कपाट म्हणजे मुकं जनावर. थोरल्याची कारखान्यांना जाणारी मागणी त्यातून जायची, रुग्णालयांकडून मधल्याकडे येणारी यादी त्यातून यायची, धाकट्याचे जनावरांचे डॉक्टर त्यातूनच बोलायचे. इतकंच काय, कपाट स्वतः आजारी पडलं तर कंपनीच्या दुरुस्तीवाल्यांना तेच फोन लावायचं, तेही याच डब्यातून.

“आणखी दोन घ्या की,” असं मी एकदा धाकट्याला म्हणालो.

“आम्ही कशाला घेऊ? हा आमचाच आहे. त्यांना हवा तर त्यांनी घ्यावा.”

बाकीचे दोघेही अक्षरशः हेच म्हणत. तीन तिघाडा काम बिघाडा, दुसरं काय!

राहता राहिल्या बाई. संगणक त्यांच्याशिवाय कोणाला चालवता येत नव्हता, म्हणून त्या तिघांच्या सामाईक. नव्या माणसानं विचारलं की त्या सांगायच्या, “तीन बिऱ्हाडं आणि नळ एक. मी नळावर बसते.” तेव्हापासून नळबाई.

नळाच्या पाळ्या त्यांनी ठरवल्या होत्या. नऊ ते अकरा थोरला, अकरा ते एक मधला, दोन ते चार धाकटा. पण पाळी बदलणं म्हणजे बादली उचलून दुसरी लावणं नव्हे. मोडेम एका वेळी एकाच वाट्याचा. ज्याच्याकडे आहे त्यानं आधी तो रीतसर सोडायचा. मग मुख्य पडद्यावर जाऊन त्याच्या नावावरून काढायचा, पुढच्याच्या नावावर लावायचा, पुढच्यानं तो जागा करून घ्यायचा. पाच मिनिटांचं काम. पहिल्यानं सोडला नसताना ओढला, तर पहिल्याचा वाटा ‘माझा मोडेम कुठे गेला’ म्हणून बोंबलत बसायचा आणि दुसऱ्यालाही धड मिळायचा नाही. हुबेहूब मालकांसारखं.

बाई वाट्यांना मालकांच्याच नावानं हाक मारत. “थोरला आज सकाळपासून रेंगाळतोय,” “मधल्याचं पोट भरलंय, जरा रिकामं करते.” एकदा धाकट्याची बायको दारात उभी असताना त्या आतून कोणाला तरी म्हणाल्या, “धाकट्याचं काही खरं नाही. त्याला एकदा बंद करून पुन्हा चालू करते.” ती बिचारी नवऱ्याला दोन दिवस चोरून न्याहाळत होती.

भाऊ मात्र एकमेकांशी बोलत नसत. तिघे एका खोलीत असले तरी बोलणं बाईंमार्फत.

“बाई, त्यांना सांगा, अकरा वाजले.”

“बाई, त्यांना सांगा, त्यांचं घड्याळ पुढे आहे.”

“बाई, त्यांना सांगा, वडिलांनी दिलेलं घड्याळ आहे.”

“बाई, त्यांना सांगा, मग तर पुढे असणारच. वडिलांना सगळीकडे घाई.”

बाई कोणालाच काही सांगत नसत. कळा दाबत राहायच्या.

सात-आठ महिने असे गेले आणि मग लाइन तुटायला लागली. मोडेम किंचाळून, शिट्ट्या मारून जोडणी लावायचा, दिवे लुकलुकायला लागायचे, माहिती निम्मी-अर्धी गेली की खट्! सगळं गप्प. ज्याची पाळी त्याची बोंब. तो भाऊ खाली धावत यायचा, दुसऱ्यावर आळ घ्यायचा. दुसरा ऐकून घ्यायला थोडाच बसणार? तोही यायचा. तिसरा गंमत बघायला. मग त्या गार खोलीत असा काही शिमगा व्हायचा की आमच्या पार्सलांच्या सुतळ्या सैल पडायच्या.

त्यातच रुग्णालयाचं प्रकरण झालं. रुग्णालयानं मधल्याकडे मोठी यादी पाठवली होती. हातमोजे, सुया, पट्ट्या, सलाइनच्या नळ्या, बरंच काही. नेमकी पहिली ओळ आली आणि लाइन तुटली. पहिली ओळ होती मूत्रपात्रं, दोन डझन. मधल्याच्या माणसांनी बिनबोभाट दोन डझन मूत्रपात्रं बांधली आणि धाडून दिली. दुसऱ्या दिवशी रुग्णालयाच्या भांडारातल्या बाईंचा फोन आला, “ऑपरेशन हेच हातात घालून करायचं का हो?”

मधला तणतणत यंत्राच्या खोलीत आला.

“बाई, तुम्हीच लाइन ओढता. थोरल्यांसाठी. मला सगळं कळतं.”

“मी कशाला ओढू? त्यांच्याही पाळीत तुटते.”

“ते दाखवायला. शनिवारपर्यंत तुटण्याचं कारण शोधा, नाहीतर रविवारी घरी बसा.”

थोरला म्हणाला, बरोबर आहे. धाकटा म्हणाला, माझंही हेच मत. वाटणीनंतर तिघांचं पहिल्यांदा एकमत झालं ते बाईंना काढण्यावर.

आता बाई घरी बसणार म्हणजे कुठे, हे सांगायला हवं. नवरा नाही, म्हणजे होता, पण वीस वर्षांपूर्वीच बाईंनी त्याला त्याच्या आईकडे साभार परत केला होता. तेव्हापासून त्या एका खोलीत राहायच्या. खोली भाड्याची, पण किल्ली स्वतःची. वय पंचावन्न. या वयात, तीन वाट्यांचं कपाट सोडलं तर दुसरं काही येत नसताना, कोण ठेवणार? उरला भाऊ. भाऊ भला, पण वहिनी त्याहून भली. तिनं बातमी कानावर पडताच फोन केला.

“ताई, काळजी करू नका हं. शिलाई मशीनच्या मागे तुमची खाट बसते. मी मापून बघितलं.”

“एवढ्यात मापलंस?”

“एक वीत उरते उलट. मुलांना सकाळी डबे असतात, तुम्ही आलात तर मलाही तेवढाच हात.”

बाई आम्हाला हे सांगताना हसल्या, पण चहाचा कप दोन्ही हातांनी धरला होता. “मापलंसुद्धा हो तिनं,” एवढंच पुन्हा म्हणाल्या.

हातात तीन दिवस. बाईंनी वायर बदलली, डबा उघडून पुसला. टेलिफोनवाला बोलावला. तो खांबापासून खोलीपर्यंत वायर चाचपून म्हणाला, “आमच्याकडून ठणठणीत.” टायवाला म्हणाला, “आमच्याकडूनही ठणठणीत.” ठणठणीत लोकांच्या मधे बाई तेवढ्या आजारी.

पण बाईंची एक सवय होती. जोडणी तुटली की तारीख, वार, वेळ त्या वहीत टिपायच्या. गुरुवारी दुपारी त्या वही घेऊन गेटवर पहारेकऱ्याकडे गेल्या आणि त्याची गाड्यांच्या ये-जा नोंदवण्याची वही मागितली. पहारेकऱ्यानं अर्थातच वेगळाच अर्थ काढला. बाईंनी दोन वह्या शेजारी ठेवल्या. लाइन तुटलेल्या प्रत्येक दिवशी तिघांच्याही गाड्या आवारात होत्या. थोरला बाहेरगावी गेला तो आठवडा, एकदाही तुटली नव्हती. धाकट्याला ताप होता ते चार दिवस, एकदाही नाही.

वायर खराब असती तर तिला गाड्या मोजता आल्या नसत्या.

शुक्रवारी सकाळी तिघांच्या गाड्या लागल्या. साडेअकराला मधल्याची जोडणी सुरू झाली. एरवी तुटलं की बाई पडद्याकडे धावायच्या. या वेळी मोडेमशेजारच्या, त्याच लाइनवरच्या साध्या फोनवर हात ठेवून बसल्या. दिवे विझले तसा त्यांनी रिसीव्हर उचलून कानाला लावला.

पलीकडून चहाचा भुरका ऐकू आला.

असा लांबलचक, शेवटी सुस्कारा सोडणारा भुरका त्या इमारतीत एकाच तोंडाचा होता. बाईंनी रिसीव्हर हलकेच ठेवला. तिघे भाऊ धावत येत होते. त्यांना शिव्या देत तिथेच सोडून बाई मोज्यांच्या पायांनीच जिना चढून वर गेल्या.

वरच्या मजल्यावर म्हाताऱ्यांची बायको एकटी राहायची. मुलं आपापल्या घरी, लांब. सगळं गोदाम तिला ‘आई’ म्हणायचं. ती खिडकीजवळच्या खुर्चीत बसली होती. बाईंना बघताच तिनं काहीतरी उशीखाली सारलं. उशीखालून गुंडाळीची वायर लोंबत राहिली.

“आई, चहा गार होईल,” बाई म्हणाल्या.

“कुठला चहा?”

“फोनमधून ऐकला तो.”

“हा फोन? तो कधीच मेलाय. यांच्या दुपारच्या झोपेत वाजायचा म्हणून यांनीच मारून टाकला.”

“घंटा मेलीय, आई. फोन जिवंत आहे, खालच्याच लाइनवर. तुम्ही उचललात की मोडेम तुटतो.”

म्हातारीनं उशी बाजूला केली, रिसीव्हर जागेवर ठेवला आणि उरलेला चहा निवांत संपवला. खालून, जमिनीलगतच्या जाळीतून, तिघांचे आवाज येत होते. यंत्राच्या खोलीची गार हवा त्याच वाटेनं जायची.

“बस,” म्हातारी म्हणाली. “थोरला आता चिरकेल. ऐक.”

थोरला चिरकला.

“लहानपणी अस्साच चिरकायचा. पेन्सिल घेतली कोणी की.” म्हातारीचा चेहरा उजळला होता. “परवा धाकटा त्याला गाढव म्हणाला. अगं, इतक्या महिन्यांनी सरळ बोलला! तुझ्यामार्फत नाही, तोंडावर.”

“म्हणून तुम्ही फोन उचलता?”

“खिडकीतून तिन्ही गाड्या दिसल्या की उचलते. एखादा नसला तर मजा नाही. इथं एकेकटे येतात, गोळ्यांची डबी भरतात, घड्याळ बघतात, जातात. एक आहे असं कळलं तर दुसरा जिन्यातून परत फिरतो. तिघांचा आवाज एकत्र म्हणजे ही जाळी, बास.”

“आणि उद्या मला काढतायत.”

“तुला? तुझा काय संबंध?”

“मधल्यांना वाटतं, मीच लाइन तोडते.”

म्हातारीनं कप खाली ठेवला. हे तिला ठाऊक नव्हतं. शिवीगाळ ऐकण्याच्या नादात कामाचं ऐकायचं राहिलं होतं.

“मधला पहिल्यापासून मठ्ठ,” ती म्हणाली.

“मग सांगा त्यांना खरं.”

“काय सांगू? तुमची आई फोन तोडून तमाशा ऐकते म्हणून? तिघे मिळून वायर उपटून नेतील. जाळीवरही पत्रा ठोकतील.” मग बाईंकडे न बघता म्हणाली, “तू सांग हवं तर. नोकरी राहील तुझी. मी नाही म्हणणार नाही.”

इथंच बाईंची पंचाईत झाली. म्हातारीनं रडून भेकून हातापाया पडून विनवलं असतं, तर बाईंनी खुशाल सांगितलं असतं. पण ती नुसती जाळीकडे बघत बसली होती.

“तुम्हाला तिघांचा आवाज हवा ना?” बाईंनी विचारलं. “भांडणच हवं असं नाही?”

“भांडण असलं तर बरं. पण नुसतं बोलणंही चालेल.”

“मग फोनला हात लावायचा नाही. एक दिवससुद्धा नाही.”

“आणि?”

“आणि बाकीचं मी बघते.”

शनिवारी तिघे यंत्राच्या खोलीत उभे राहिले. दारात पार्सलवाला, पहारेकरी, मी, शिवाय ज्यांना काही कामं होती ती टाकून आलेले सगळे. बाई म्हणाल्या, “लाइन तुटण्याचं कारण सापडलं. सोमवारपासून तुटणार नाही. तुटली तर मी स्वतःच जाईन.”

“कारण काय?” मधल्यानं विचारलं.

“ते सांगणार नाही.”

“सांगणार नाही म्हणजे?”

“म्हणजे सांगणार नाही. आणि सोमवारपासून एक नियम. मोडेम माझ्या एकटीच्या हातून फिरणार नाही. देणाऱ्या मालकानं स्वतः यायचं, घेणाऱ्या मालकानं स्वतः यायचं. देणाऱ्यानं सोडला असं घेणाऱ्याला तोंडानं सांगायचं, घेणाऱ्यानं घेतला असं तोंडानं म्हणायचं. मग मी नाव बदलणार. माणूस पाठवला तर मोडेम नाही. मग माझ्यावर आळ नको.”

“हे काय खूळ?” थोरला म्हणाला. “कारण सांगा, नाहीतर चालू लागा.”

बाईंनी चष्मा काढून दोरीवर सोडला. आता त्या जातात असं आम्हा सगळ्यांना वाटलं. पहारेकऱ्यानं तर त्यांची छत्रीसुद्धा खुंटीवरून काढली होती. तेवढ्यात जिन्यावर काठी वाजली.

म्हातारी उतरत होती. एकेक पायरी, काठी आधी, पाय मागून. शेवटच्या पायरीवर थांबली.

“बाई राहतील,” ती म्हणाली.

“आई, तू धंद्यात मधे पडू नकोस,” मधला म्हणाला.

“मी कुठे मधे पडले? मी जिन्यावर उभी आहे. बाई राहतील आणि त्यांचा नियमही राहील. कोणाला काही विचारायचं असेल तर वर येऊन विचारा. तिघे एकदम या.”

एकदम वर जाण्याची तिघांची तयारी नव्हती. बाई राहिल्या. पहारेकऱ्यानं छत्री परत टांगली आणि माझ्याकडे बघून खोकला.

सोमवारपासून लाइन एकदाही तुटली नाही. अकराला थोरला आणि मधला समोरासमोर उभे राहिले. एकानं छताकडे बघत “सोडला” म्हटलं, दुसऱ्यानं मोडेमकडे बघत “घेतला.” दोनला मधला आणि धाकटा. चारला धाकटा आणि थोरला, कारण उद्या सकाळी पुन्हा पहिली पाळी थोरल्याची. दिवसातून तीन वेळा. पहिला आठवडा त्या दोन शब्दांवर गेला. दुसऱ्या आठवड्यात “सोडला, पण वेळेवर तुम्ही कधी सोडता?” इथवर गाडी आली. महिन्याभरात गुडघेदुखी, पोरांच्या परीक्षा, सासऱ्याचं आजारपण. प्रेम वगैरे उतू गेलं असं कृपा करून समजू नका. भिंती तशाच राहिल्या. फक्त शिव्यांची लांबी वाढली आणि अधूनमधून त्यांत चौकशी मिसळायला लागली. चारच्या पाळीला तर म्हातारी जाळीजवळ खुर्ची ओढून बसायची, चहा घेऊन. भुरका खाली ऐकू यायचा. भाऊ वर बघायचे, बाई कळा दाबायच्या.

पुढे जलद लाइनी आल्या, तिघांनी आपापल्या घेतल्या, कपाट भंगारात गेलं. तोवर बाईंचं वय झालं होतं. वहिनीनं शिलाई मशीनमागे कपड्यांचं कपाट बसवून घेतलं. बाई आपल्याच खोलीतून, आपल्याच किल्लीनं, निवृत्त झाल्या. म्हातारी गेल्यावर बाईंनी एका दुपारी मला हे सगळं सांगितलं, आणि मी पहारेकऱ्याला सांगितलं. त्याला ते अजिबात आवडलं नाही.

तर खरं एवढंच. म्हातारे मालक यंत्राच्या खोलीत उभ्या आयुष्यात दोनदा आले, दोन्ही वेळा गारठा फार आहे म्हणून लगेच निघून गेले, आणि बाईंना ते ‘अहो, तुम्ही’ म्हणत, कारण नाव त्यांना माहीत नव्हतं. वाटणीत बाई सामाईक राहिल्या, कारण तिघांपैकी कोणीच त्यांना एकट्यानं ठेवायला तयार नव्हता. आणि म्हातारी खाली आली, कारण लाइन तीच तोडत होती आणि हे फक्त बाईंना माहीत होतं.